पिशवीपलीकडचा हिशेब

महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ रोजी निघाली आणि तीन महिन्यांनी, २३ जूनपासून, तिची अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्या गुन्ह्याला ५००० रुपये दंड, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० आणि सोबत तीन महिन्यांची कैद, अशी जरब बसवणारी तरतूद होती. सुरुवातीचे काही आठवडे बाजारात तिची धास्तीही होती. पुढे काय झाले ते कोणत्याही मंडईत संध्याकाळच्या वेळी फेरी मारली की दिसते. पण त्या बंदीचा एक परिणाम टिकला. पर्यावरणाचा विचार करून खरेदी करणे म्हणजे घरून कापडी पिशवी नेणे, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्के बसले. पिशवी नेली की कर्तव्य पार पडले. त्या पिशवीत काय भरून आणले, ते कुठे आणि कशावर पिकले, घरात आल्यावर ते किती वीज खाणार, संपल्यावर त्याच्या वेष्टनाचे काय होणार, हे सगळे प्रश्न दुकानाच्या पायरीवरच राहिले. हे पुस्तक त्या राहून गेलेल्या प्रश्नांचे आहे. त्यातली प्रकरणे वाणसामानाच्या यादीच्या क्रमाने येतात, पण त्या सगळ्यांमागे विचार एकच आहे आणि तो इथे सविस्तर मांडायला हवा. वस्तू कशाची बनली आहे यावरून ती पर्यावरणाला बरी की वाईट हे कळत नाही. तिच्या एकूण आयुष्यात तिचा भार कोणत्या टप्प्यावर पडतो, यावरून कळते. काही वस्तूंचा भार त्या तयार होताना पडतो, काहींचा वापरताना, काहींचा टाकून दिल्यानंतर. तो टप्पा ओळखला की बरेच निर्णय सोपे होतात, आणि त्याहून जास्त निर्णयांचा विचार करण्याचीच गरज उरत नाही.

पिशवीपासूनच सुरुवात करू, कारण हा विचार तिच्यावर चांगला पारखता येतो. डेन्मार्कच्या पर्यावरण संरक्षण यंत्रणेने २०१८ मध्येच किराणा सामानाच्या पिशव्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. पिशवीचा कच्चा माल निघण्यापासून तिची विल्हेवाट लागेपर्यंतचा सगळा प्रवास त्यात मोजला होता. तिथल्या दुकानातल्या साध्या प्लॅस्टिक पिशवीशी बरोबरी साधायला नवी सुती पिशवी किती वेळा वापरावी लागेल? केवळ हवामानबदलाचा निकष लावला तर साध्या सुताची पिशवी ५२ वेळा आणि सेंद्रिय सुताची १४९ वेळा. सगळे निकष लावून त्यांतला सर्वांत कडक धरला, तर ७१०० आणि २०,००० वेळा. हे मोठे आकडे जगभर गाजले आणि प्लॅस्टिकची बाजू मांडणाऱ्यांनी ते हौसेने मिरवले. आकडे खोटे नाहीत, पण ते कशाचे आहेत हे पाहायला हवे. एक तर ७१०० हा आकडा ओझोनच्या थरावरील परिणाम या एकाच निकषातून आला होता. दुसरे असे की डेन्मार्कमध्ये ती प्लॅस्टिकची पिशवी पुढे कचऱ्याच्या डब्यात अस्तर म्हणून वापरली जाते आणि शेवटी ऊर्जा तयार करणाऱ्या भट्टीत जळते, असे गृहीत धरले होते. गटारात अडकणारी, गाईच्या पोटात जाणारी, खाडीच्या तोंडाशी गाळात रुतणारी पिशवी त्या हिशेबात नव्हतीच. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढे पाणी कोणत्याच शहराला पेलले नसते. पण ते उतरायला ज्या अडथळ्यांनी वेळ लावला त्यांत नाल्यांमध्ये साचलेल्या पातळ पिशव्या होत्या. म्हणजे पिशवी तीच, पण डेन्मार्कमध्ये तिच्यापेक्षा सुती पिशवीच्या कारखान्याचा आणि शेताचा भार मोठा ठरतो, आणि मुंबईत तिच्या मरणाचा. दोन्ही हिशेब बरोबर आहेत. बंदी आणावीशी वाटली ती दुसऱ्या हिशेबामुळे, आणि ते योग्यच होते.

पहिला हिशेब विसरला की मात्र फसगत होते. जुन्या साडीची किंवा विजारीची शिवलेली पिशवी जवळपास फुकट पडते, कारण तिच्या कापडाचा भार ते कापड अंगावर असतानाच फिटलेला असतो. तेच, प्रत्येक परिसंवादात, मुंजीत आणि दुकानाच्या वर्धापनदिनी वाटली जाणारी नवी कोरी छापील सुती पिशवी कपाटात विसाव्या पिशवीच्या खाली पडून राहिली, तर ती ५२ वेळांचा पल्लाही कधी गाठत नाही. आणि कापडासारखी दिसणारी, रंगीत, हाताला खरखरीत लागणारी नॉन-वोव्हन पिशवी तर कापडाची नसतेच. ती पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लॅस्टिकचीच असते. प्लॅस्टिक टाळल्याच्या समाधानात ती किती घरांत गेली असेल.

आता यादीत क्वचितच येणारी, पण आली की दहा-पंधरा वर्षे घरात राहणारी एक वस्तू घेऊ: छताचा पंखा. साधा पंखा साधारण ७५ वॅट वीज घेतो, बीएलडीसी मोटरचा पंखा ३० वॅटच्या आसपास. रोज बारा तास आणि वर्षातले तीनशे दिवस चालला, तर दोघांत १६२ युनिटचा फरक पडतो. आपल्या देशात विजेच्या एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण बहुतेक वीज अजूनही कोळशातून येते. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर २९२० मेगावॉट क्षमतेचे चंद्रपूरचे केंद्र, तिथला धूर आणि तिथली राख आठवावी. म्हणजे एका पंख्यामागे वर्षाला सुमारे ११३ किलो. ब्रिटनच्या पर्यावरण यंत्रणेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून एका पातळ पिशवीचा कार्बनभार २० ग्रॅमच्या आसपास निघतो. तो धरला तर एका पंख्याची वर्षाची बचत साडेपाच हजारांहून अधिक पिशव्यांच्या बरोबरीची होते. दररोज पंधरा पिशव्या नाकारणारे कुटुंब अजून पाहण्यात यायचे आहे. पैशांच्या बाजूनेही, युनिटला आठ रुपये धरले तरी वर्षाला तेराशेच्या जवळ वाचतात, आणि दोन पंख्यांच्या किमतीतला फरक साधारण दीड वर्षात भरून निघतो. तरीही पंखा घेताना आपण पात्यांचा रंग आणि नक्षी पाहतो. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ताऱ्यांचे लेबल सक्तीचे झाले आहे. शीतकपाट आणि एसी यांच्यावर ते आधीपासून आहे. त्यातले तारे मोजून थांबू नये. तारे ठरवण्याचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात, म्हणून जुन्या लेबलचे पाच तारे नव्या निकषावर चारच भरू शकतात. लेबलवर वर्ष छापलेले असते आणि एसी-शीतकपाटाच्या लेबलवर वार्षिक विजेचा आकडाही असतो. तो आकडा तेवढा खरा.

यावर रास्त शंका येते: मग चालू असलेला पंखा काढून टाकायचा का? नवा पंखा बनवायलाही तांबे, ॲल्युमिनियम, पोलाद लागतेच. ज्या पंख्याखाली घर दिवसरात्र वावरते, त्याच्या बाबतीत विजेची बचत नव्या पंख्याच्या निर्मितीचा भार लवकरच ओलांडते, म्हणून तो बदलणे हिशेबात बसते. पाहुण्यांच्या खोलीतला, वर्षात महिनाभर फिरणारा पंखा मोडेपर्यंत वापरावा, मोडला तर दुरुस्त करून घ्यावा. टेबल, कपाट, कढई, सायकल यांचा भार जवळपास सगळाच बनताना पडलेला असतो. त्या जितक्या जुन्या होतील तितके बरे. जुने जपणे हा सद्गुण आहे की नाही, हे वस्तू विजेवर चालते की नाही यावर अवलंबून असते, हे ऐकायला चमत्कारिक वाटते खरे.

खाण्याच्या पदार्थांत भार मुख्यतः शेतात पडतो, आणि इथे आपला अंदाज सर्वांत जास्त चुकतो. 'जवळचे ते चांगले' ही धारणा अनेकांची असते. जोसेफ पुअर आणि थॉमस नेमेसेक यांनी ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात जो अभ्यास मांडला, त्यात अन्नाच्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा फार थोडा, ६ टक्क्यांच्या आसपास, निघाला. विमानाने आलेला नाजूक माल सोडला तर पदार्थ किती लांबून आला यापेक्षा तो कोणता आहे आणि कसा पिकवला आहे, याला कितीतरी अधिक वजन आहे. तोच पदार्थ दोन वेगवेगळ्या शेतांत पिकवला तर त्यांच्या भारात कित्येक पटींचा फरक पडतो, हेही त्याच अभ्यासाने दाखवले. डाळी आणि कडधान्ये या हिशेबात सरस ठरतात. त्यांची पिके हवेतला नत्र जमिनीत बांधतात, रासायनिक खत कमी मागतात. भातखाचरात साचलेल्या पाण्यातून मिथेन निघतो. ज्वारी-बाजरीच्या शेतातून तो निघत नाही. म्हणून कोकणातल्या माणसाने भात सोडावा असे कोणी म्हणणार नाही. पण सोलापूरच्या घरात शाळूची भाकरी मागे पडून तिची जागा दुसऱ्या धान्यांनी घेतली, तेव्हा ताटातल्या बदलाबरोबर पाण्याचा आणि खताचा हिशेबही बदलला, हे लक्षात घ्यायला हवे.

तेलाचे उदाहरण यापेक्षा अवघड आहे, आणि म्हणूनच त्याच्यावर थोडे थांबतो. भारत जगातला पामतेलाचा सर्वांत मोठा आयातदार आहे; वर्षाला ८० ते १०० लाख टनांच्या घरात हे तेल मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून येते. ते 'पामतेल' म्हणून फारसे घरात येत नाही. बिस्किटे, फरसाण, वेफर, नूडल्स, आंघोळीचा साबण यांच्यातून येते, आणि वेष्टनावर घटकांच्या बारीक अक्षरांत 'खाद्य वनस्पती तेल (पामोलीन)' असे काहीसे लिहिलेले असते. त्याच्या मळ्यांसाठी वर्षावने आणि दलदलीची जंगले तोडली गेली, ओरांगउटानचे अधिवास गेले, हे सर्वज्ञात आहे. मग पामतेलावर बहिष्कार? तिथे हिशेब आडवा येतो. एक हेक्टर पाममधून तीन-चार टन तेल निघते. सोयाबीनमधून जेमतेम अर्धा टन. आपण सगळे पाम सोडून सोयाबीनकडे वळलो तर तेवढ्याच तेलाला कितीतरी पट जमीन लागेल, आणि ती जमीन कुठल्या तरी दुसऱ्या जंगलाच्या जागी उभी राहील. तेव्हा तेलाचे नाव बदलून प्रश्न सुटत नाही. तळण कमी होणे, पाकीटबंद खाऊ कमी होणे, हाच खरा उतारा आहे, आणि तो डॉक्टरही सांगतात. सोबत एक स्थानिक शक्यताही आहे. सोलापूर-मराठवाड्याच्या काळ्या रानात रब्बीत करडई जमिनीतल्या ओलीवर येते, पाणी फारसे मागत नाही. तिचे क्षेत्र घटत गेले याला अनेक कारणे आहेत. काटे आहेत, मजुरी आहे, भाव आहे. पण गिऱ्हाईकच नाही, हेही त्यांतले एक आहे. घाण्यावरचे करडईचे तेल महाग पडते, म्हणून ते सगळ्या तळणाला वापरावे असे नाही. फोडणीपुरते वापरले तरी त्या पिकाला मागणी राहते.

उसाच्या बाबतीत मात्र खरेदीदाराच्या हातात किती थोडे आहे, तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. राज्यातल्या पिकांखालच्या जमिनीपैकी जेमतेम ४ टक्के जमिनीवरचा ऊस सिंचनाच्या पाण्याचा दोन तृतीयांश वाटा घेतो, असे कृषी खर्च व मूल्य आयोगाने दाखवले आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले, तेव्हाही मराठवाड्यात ऊस होता आणि कारखाने होते. एखाद्या घराने चहातली साखर अर्ध्यावर आणली म्हणून ते चित्र बदलणार नाही. उसाला खात्रीचा भाव आहे, कारखान्यांभोवती राजकारण आहे, आता इथेनॉलची मागणीही आहे. तिथे मतपेटी आणि पाण्याचे धोरण काम करते, पिशवी नाही. प्रत्येक प्रश्न दुकानाच्या गल्ल्यावर आणून ठेवणे हीसुद्धा एक दिशाभूल आहे.

कापसावरून आणखी एक सावधगिरी. एक किलो कापसाच्या कापडाला दहा हजार लिटर पाणी लागते, हा आकडा अनेक ठिकाणी छापून येतो. तो जगाची सरासरी आहे. विदर्भातला कापूस जवळजवळ सगळा पावसावर येतो, तेव्हा नदीतून किंवा कालव्यातून उपसलेल्या पाण्याचा जो अर्थ त्या आकड्यातून निघतो तो इथे लागू नाही. इथला भार दुसरा आहे: फवारणीचा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पुढे कापड रंगवताना पुन्हा पाण्याचा प्रश्न येतो, पण तो गढूळ होऊन नदीत जाणाऱ्या पाण्याचा. पंचगंगेच्या काठी राहणाऱ्यांना तो समजावून सांगावा लागत नाही. म्हणून परदेशी पुस्तकांतले आकडे जसेच्या तसे उचलले तर आपण चुकीच्या गोष्टीचा धसका घेतो. कपड्यांपुरता सोपा नियम मात्र सगळीकडे लागू पडतो: भार बनताना पडलेला आहे, तेव्हा जो कपडा दुप्पट दिवस अंगावर राहील त्याचा भार निम्मा.

टाकून दिल्यानंतर भार पडणाऱ्या वस्तूंत सर्वांत वरचा मान छोट्या पुडीचा. शांपू, कॉफी, लोणचे, सॉस, गुटखा, वेफर यांची पाकिटे बहुतेक वेळा अनेक थरांची असतात: प्लॅस्टिकचा एक थर, ॲल्युमिनियमचा एक, पुन्हा वेगळ्या प्लॅस्टिकचा. हे थर वेगळे करणे परवडत नाही, म्हणून भंगारात त्याला भाव नाही. ही पारख प्रयोगशाळेत जाऊन करावी लागत नाही. पुण्यात १९९३ मध्ये कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली आणि तिच्यातून पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली. घरोघर कचरा घेणाऱ्या त्या बायकांच्या वर्गीकरणाकडे पाहिले की कोणत्या वेष्टनाचे काय होते ते कळते. पाण्याची पेट बाटली, दुधाची पिशवी, खोके, पत्र्याचा डबा बाजूला काढले जातात, कारण त्यांचे पैसे येतात. चकचकीत पुडी उरते आणि एक तर सिमेंटच्या भट्टीत जाते किंवा कचराडेपोवर. मुंबईचा देवनार कचराडेपो १९२७ पासून चालू आहे. जानेवारी २०१६ मध्ये त्याला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला. पुण्याच्या कचऱ्यासाठी उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी काय सोसले ते वेगळे सांगायला नको. ज्याला भंगारात भाव आहे ते वेष्टन घ्यावे आणि ज्याला नाही ते टाळावे, ही कसोटी म्हणूनच मला कोणत्याही हिरव्या शिक्क्यापेक्षा भरवशाची वाटते. दुधाच्या पिशवीवर ५० पैसे अनामत ठेवून ती परत घेण्याची कल्पना २०१८ च्या बंदीत होती. ती रुळली असती तर ही कसोटी कायद्यानेच सगळ्यांना लागू झाली असती.

इथे दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की रोजंदारीवर जगणारा माणूस शांपूची मोठी बाटली घेणार कशी? पुडी हीच त्याची सोय आहे. हे खरे आहे, आणि त्याला उपदेश करण्याचा कोणालाही हक्क नाही. पण पुड्यांच्या माळा केवळ त्याच्याच घरी जात नाहीत. अनेकदा मिलिलिटरच्या हिशेबाने पुडी बाटलीपेक्षा स्वस्त पडते, म्हणून बाटली परवडणारी घरेही माळच घेतात. हा निर्णय गिऱ्हाइकाचा नसून किंमत ठरवणाऱ्याचा आहे, आणि वेष्टन परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारी फेब्रुवारी २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे म्हणूनच महत्त्वाची आहेत. दुसरा आक्षेप सुट्या मालाबद्दल आहे. वेष्टन वाईट, तर सगळेच सुटे घ्यावे का? १९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झाली, सुमारे तीन हजार लोक आजारी पडले, ६० हून अधिक मेले. त्यानंतर खाद्यतेल पॅकबंदच विकण्याची सक्ती आली. वेष्टन माणसाला वाचवते तेही विसरून चालत नाही. नासणारा पदार्थ टिकवणारे वेष्टन अनेकदा आपला भार फेडून घेते, कारण वाया गेलेल्या अन्नाबरोबर त्यामागचे सगळे पाणी, खत आणि डिझेल वाया जाते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतातल्या घरांत दर माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जाते. तेव्हा तांदूळ, डाळी, गूळ, मसाल्याचे खडे ओळखीच्या दुकानातून सुटे घ्यावेत. तेलाच्या बाबतीत कायदा पाळावा आणि मोठा डबा घ्यावा. डबा रिकामा झाला तरी त्याला भंगारात भाव असतोच, किंवा तो धान्याला लागतो.

शिक्क्यांविषयी थोडक्यात. सरकारने १९९१ मध्ये 'इकोमार्क' सुरू केला; मातीचा माठ हे त्याचे चिन्ह होते. तीस वर्षांत तो फारशा उत्पादकांनी घेतला नाही आणि गिऱ्हाइकांना माहीतही झाला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचे नवे नियम आले. पुढच्याच महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'इको-फ्रेंडली', 'ग्रीन' अशा शब्दांना पुरावा मागणारी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांचा वापर ग्राहकाने तक्रारीसाठी करावा, कारण कायद्यात असलेली पण कोणी न वापरलेली तरतूद आपल्याकडे फार लवकर गंजते. पानाच्या चित्राला, हिरव्या रंगाला, 'हर्बल'ला किंमत देऊ नये. 'कंपोस्टेबल' लिहिलेली पिशवी औद्योगिक कंपोस्टच्या ५८ अंश सेल्सियसच्या आसपासच्या उष्णतेत कुजेल अशा हिशेबाने तपासलेली असते. गच्चीवरच्या कुंडीत किंवा नाल्यात ती तशी कुजत नाही. सेंद्रिय अन्नासाठी 'जैविक भारत'चे चिन्ह आणि त्याखालचा नोंदणी क्रमांक पाहावा. बाकी बहुतेक दावे सजावट समजून सोडून द्यावेत.

सगळ्यांत जुना आक्षेप शेवटी घेतो: एका घराने काय होणार? खरा प्रदूषक तर कारखाना. या शंकेला इतिहासही आहे. 'कार्बन फूटप्रिंट' ही कल्पना सामान्य माणसाच्या तोंडी रुळवण्यात बीपी या तेल कंपनीच्या २००४ च्या सुमाराच्या जाहिरात मोहिमेचा मोठा हात होता. तेल विकणाऱ्याने तेल जाळणाऱ्याला आरसा दाखवावा, यातली चतुराई कळण्यासारखी आहे. आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ मध्ये केवडियाला सुरू झालेल्या, पर्यावरणपूरक जीवनशैलीच्या 'मिशन लाइफ' या मोहिमेवरही जबाबदारी नागरिकांवर ढकलल्याची टीका होऊ शकते. शिवाय भारतीय माणसाचे सरासरी उत्सर्जन वर्षाला दोन टनांच्या आसपास आहे, अमेरिकन माणसाचे चौदा टनांच्या. पण सरासरी म्हणजे घर नव्हे. तीन एसी, दोन गाड्या आणि दर सुट्टीत विमानप्रवास असलेल्या पुण्या-मुंबईच्या कुटुंबाला देशाच्या सरासरीआड लपता येत नाही. आणि एक घर हे खरेदीचे एकमेव एकक नाहीच. गृहनिर्माण संस्थेचे जिन्यातले दिवे आणि पंप, शाळेची वह्यांची ऑर्डर, मंगल कार्यालयातली पाण्याची बाटली, खाणावळीचा तेलाचा डबा, बचत गटाने एकत्र आणलेली डाळ, ही सगळी खरेदीच आहे. तिथे एका बैठकीतला ठराव शेकडो घरांच्या निश्चयाइतका परिणाम करून जातो.

याहून टोकदार आक्षेप फारसा कोणी छापत नाही. घरातली ही सगळी काळजी बाईच्या माथी येते. पिशव्या धुणे-वाळवणे, डबे नेणे-आणणे, ओला-सुका वेगळा करणे, दोन दुकाने जास्त फिरणे, आणि वर कापडी पॅड धुऊन वाळत घालायला पाणी आणि आडोसा शोधणे. पर्यावरणाच्या नावाने तिचे काम वाढवणारे पुस्तक लिहिण्यात मला रस नाही. भार कुठे पडतो ते शोधण्याचा आग्रह याच कारणाने आहे. पंखा, एसी, शीतकपाट, तेल, डाळ, कपडा आणि पुडी एवढ्या मोजक्या गोष्टींकडे लक्ष दिले की टूथब्रश बांबूचा की प्लॅस्टिकचा यावर संध्याकाळ घालवावी लागत नाही. आणि या मोजक्यांतले सर्वांत जड निर्णय, म्हणजे विजेची उपकरणे, बहुतेक घरांत अजूनही पुरुष घेतात.

पुढच्या प्रकरणांत प्रत्येक वस्तूखाली तिचा मुख्य भार कोणत्या टप्प्यावर आहे ते आधी सांगितले आहे, मग महाराष्ट्रात सहज मिळणारे पर्याय, आणि जिथे पर्यायांत फारसा फरक नाही तिथे तसे स्पष्ट लिहिले आहे. घर, वाहन आणि प्रवास हे विषय यादीबाहेरचे म्हणून सोडले आहेत. आकडे जुने होतील. सौर आणि पवनऊर्जा जसजशी वाढेल तसतसा युनिटमागचा ७०० ग्रॅमचा आकडा खाली येईल, आणि पंख्याचा जो हिशेब वर मांडला तो तितका एकतर्फी राहणार नाही. तेव्हा वाचकाने आपल्या वीजबिलावरचा दर आणि त्या वर्षी केंद्रीय विद्युत प्राधिकरण जाहीर करील तो उत्सर्जनाचा आकडा घेऊन हा हिशेब पुन्हा करावा. त्याला गुणाकाराहून अधिक गणित लागत नाही.